शेरा

पाठ नववा, स्थलांतर.
फळ्यावर मी दोन रकाने आखले:
ढकलणारे घटक, ओढणारे घटक.
तेवढ्यात खडू मोडला, आणि मागच्या बाकावरून
मिथिलेश पासवान म्हणाला,
बाई, आम्हाला कुणी ढकललं नाही.
आम्ही पवन एक्स्प्रेसनं आलो.
नाशिक रोडपर्यंत बसायला जागा होती.

वर्ग हसला. मीही.
मग हातानंच पुसली मधली रेघ
आणि तळवा साडीला पुसला.

मखमलाबादची शाळा. खिडकीपलीकडे द्राक्षांचे मांडव,
मांडवांपलीकडे अर्धवट बांधलेले टॉवर,
त्यांच्या सावलीत पत्र्याच्या खोल्या.
तिथून येतात निम्मी मुलं, आपापल्या घरची भाषा
चपलांसारखी दाराबाहेर काढून.
मी कुठे त्यांना 'काढा' म्हटलं होतं?
पण म्हटलं नाही, हेही कधी सांगितलं नाही.

तांबट आळीतल्या ऋजुतानं हात वर केला:
आजोबा म्हणतात, आम्ही पावागडाकडून आलो,
कधी ते त्यांनाही माहीत नाही.
किती वर्षं राहिलं की इथलं होतं, बाई?

पुस्तकात तक्ता होता. हंगामी, अल्पकालीन, कायमचे.
त्यात हे बसेना.

मी स्वतः मंगरुळपीरची. अकरा वर्षं झाली नाशकात.
घाईत अजून 'येऊन राहिली' निघून जातं तोंडून
आणि पुढच्या बाकावरच्या मुली गालात हसतात.
पण माझ्या येण्याला बदली म्हणतात,
त्याला शिक्का असतो, भत्ता असतो.
मोठ्या बहिणीचं जाणं ते सासर.
समोरच्या मांडवातली द्राक्षं
थंड पेटीत बसून समुद्रापार जातात, ती निर्यात;
त्यांच्यासाठी गावात सत्कार होतो.
आणि तीच द्राक्षं विरळायला
सुरगाण्याच्या पाड्यावरून जीपमध्ये उभ्यानं आलेली
जयवंती गावित,
तिच्या नावापुढे मी शेऱ्याच्या रकान्यात
लाल शाईनं लिहिते, स्थलांतरित.

जयवंती छाटणीला येते, शिमग्याला जाते.
मध्ये डोंगऱ्या देवाला चार दिवस गैरहजर.
छठला मिथिलेश रामकुंडावर, गार पाण्यात उभा,
ईदला शाहिना डबा भरून आणते,
त्यातलं हेडसरांनी दोनदा घेतलं.
'विविधतेत एकता' हा निबंध मात्र
सगळ्यांनी एकाच गाईडातून उतरवला.

चाचणीत विचारलं होतं:
स्थलांतराचे परिणाम लिहा. गुण तीन.
जयवंतीनं लिहिलं:
आम्ही इकडे येतो तवा कणगीला शेणानं लिंपून ठेवतो.
मांजर मागं राहते.
परत गेलो का ती आम्हाला वळखत नाही.
दोन दिवस लागतात.

नमुना उत्तरात शोधलं.
आर्थिक, सामाजिक, लोकसंख्याविषयक.
मांजर कुठल्या मुद्द्याखाली?
दिले अडीच. अर्धा कशाचा कापला
ते तिनं विचारलं नाही, बरं झालं.

होळीच्या आधी ती हमी कार्ड घ्यायला आली.
तिकडच्या शाळेत दाखव, म्हटलं.
मान हलवली. कार्ड पोलक्यात खोचलं.
जाताना खिडकीशी थांबून
मांडवाकडे बघत म्हणाली,
औंदा मणी लई बारीक हायेत.

संध्याकाळी हजेरीपट घेऊन बसले.
लाल पेन उघडं, रकाना बोटभर रुंद.
लिहिलं: दोन दिवस लागतात.

हेडसरांनी सही करता करता विचारलं,
हे काय लिहिलंत? कशाला लागतात?
मी म्हटलं, बघून राहिली, सर,
बघून सांगते.